येसूभाऊंची पस्तीसची लेन्स

परवा माझी भाची मुग्धा मोबाईल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. पहिला पगार झालाय, बाईसाहेबांना कॅमेरा घ्यायचाय. पाच-सहा कॅमेरे तिने आधीच हेरून ठेवले होते. "मावशी, हा बघ, ह्याचा सेन्सर मोठा, पण जड आहे. हा लहान सेन्सरचा, सुटसुटीत आहे. आणि बाबांची जुनी लेन्स ह्याला बसते म्हणे. हाच घेऊ ना?"

आता मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे घोकून घेतलेली बाई. ती मला नुसतं दाखवायला आली होती, विचारायला नव्हे. पण माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, "बसेल गं, पण दिसेल का?"

मी पुढे म्हटलं, "आधी सांग, फोटो कोणाचे काढणारेस? पाखरांचे, डोंगरांचे की माणसांचे? माणसांचे असतील तर एका वेळी किती माणसं? आणि तुझ्या पाठीमागे सरकायला जागा किती?" एवढं बोलले आणि उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि चांगली पोटभर रडले. साठी उलटलेली बाई कॅमेऱ्याच्या नावाने रडते, आता ह्याला काय म्हणावं! पण ते प्रश्न माझे नव्हतेच मुळी. ते येसूभाऊंचे होते, आणि येसूभाऊंना जाऊन ह्या शिमग्याला दोन वर्षं होतील.

पेणला गणपतीच्या कारखान्यांची जी गल्ली आहे, तिथे येसूभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. एका बाजूला वाळत घातलेल्या मूर्ती, दुसऱ्या बाजूला रंगांचं दुकान, आणि मध्ये ही अकरा फूट लांबीची अंधारी खोली. येसूभाऊ ठेंगणे, गोल, कायम घामेजलेले. शर्टाच्या एका खिशात बडीशेप, दुसऱ्यात लेन्स पुसायचं मऊ फडकं. कधी कधी घाईत फडक्यातून बडीशेप निघायची.

"हसा" असं ते गिऱ्हाइकाला कधी म्हणाले नाहीत. "हसू तुमचं तुमच्याकडं ठेवा, मला फक्त डोळे द्या," म्हणायचे. बटण दाबलं की क्षणभर थांबायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "डोळे हलले. परत घेऊ." मग परत. मग परत. माझी त्यांची पहिली भेट सर्विस बुकात लावायच्या फोटोपायी झाली. सहा वेळा "परत घेऊ" झाल्यावर मी तडकले. म्हटलं, "अहो, फोटो काढताय की लस टोचताय?" ते शांतपणे म्हणाले, "बाई, कपाळावर आठ्या हायत." म्हटलं, "त्या जन्मापासून आहेत, त्यांच्यासकट काढा." सातव्यांदा त्यांनी काढला. तो फोटो आजही माझ्याकडे आहे, आणि त्यात मी चिडलेली असले तरी मीच आहे.

शेजारच्या कारखानदारांसाठी ते मूर्तींचे फोटो काढायचे. म्हणायचे, "हे गिऱ्हाईक सगळ्यात बेस. डोळे हलवत नाय, आणि पोट सुटलेलं दिसतंय म्हणून भांडत नाय."

त्यांच्याकडे एक जुनी लेन्स होती, पस्तीसची. पस्तीस हा तिचा आकडा. आकडा जितका लहान तितकं लेन्सला दोन्ही अंगाचं जास्त दिसतं, हे मला त्यांनीच शिकवलं. "पन्नासची लेन्स एका माणसाची, पस्तीसची अख्ख्या घराची," असं ते म्हणायचे. त्या अकरा फुटांच्या खोलीत आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर मावायचं ते ह्या लेन्सच्या जिवावर. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून ती लेन्स बाळाच्या टोपड्यात गुंडाळून घरी तांदळाच्या डब्यात ठेवलेली असायची. वहिनी हयात होत्या तेव्हा ओरडायच्या, "तुमची ही सवत माझ्या तांदळात नको!" येसूभाऊ म्हणायचे, "ती आधी आली, तू नंतर. तिचा मान पहिला."

मग रोलचे कॅमेरे गेले. रोल धुणारी लॅब बंद झाली आणि येसूभाऊंना डिजिटल घेणं भाग पडलं. ते मुंबईला जाऊन कॅमेरा घेऊन आले, लहान सेन्सरचा. दुकानदाराला त्यांनी टोपड्यातून लेन्स काढून दाखवली आणि एकच विचारलं, "ही बसंल का?" दुकानदाराने बसवून दाखवली. कट्ट आवाज झाला, बसली. येसूभाऊ खूश.

रोलवर हात बसलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी ही चूक. त्यांच्या काळात लेन्सच्या मागे रोलची पट्टी असायची, आणि ती सगळ्या कॅमेऱ्यांत सारख्याच मापाची. आता पट्टीच्या जागी सेन्सर आला आणि मागची खिडकीच लहान झालीय, हे त्यांच्या डोक्यात यावं कुठून? पुढे ते लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन चौकटी करून सगळ्यांना समजावून सांगायचे. एकीला मोठं भोक, दुसरीला लहान. "हा मोठा सेन्सर, हा लहान. बाहेरचा देखावा तोच, लेन्स तीच. पण लहान खिडकीतून कडेची माणसं दिसत नाय. दुकानदार सांगतो लेन्स बसते. अरे, बसणं येगळं, दिसणं येगळं!" पण हे शहाणपण नंतरचं.

नव्या कॅमेऱ्याच्या पहिल्याच आठवड्यात सात माणसांचं कुटुंब स्टुडिओत आलं आणि मावेना. येसूभाऊ डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे सरकत दाराबाहेर गेले, पायरी उतरले, आणि गल्लीत वाळत ठेवलेल्या गणपतीवर जाऊन आदळले. मूर्तीचा हात निखळला. कारखानदाराने त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. मला हे सांगताना येसूभाऊ स्वतःच पोट धरून हसले होते. म्हणाले, "खोली लहान पडते बाई, बाहेर काय अडचण नाय. बाहेर पायजे तेवढं मागं सरकता येतं." आणि त्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या शाळेत बोलावलं.

माझी शाळा खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात होती. पेणहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीने जिते स्टेशनला उतरायचं आणि पुढे बांधावरून पंचवीस मिनिटं चालायचं. पोरं सगळी मिठागरावर आणि भातशेतीत राबणाऱ्यांची. चौथीच्या निरोपाचा फोटो, एकतीस पोरं. पहिली रांग जमिनीवर, दुसरी बाकावर, तिसरी उभी. येसूभाऊंनी डोळ्याला कॅमेरा लावला आणि मागे सरकायला लागले. दहा पावलं गेल्यावर त्यांची पाठ तारेच्या कुंपणाला लागली. कुंपणापलीकडे तळं.

"बाई, उजव्या कडेची मावत नाय," ते ओरडले.

पोरांना दाटीवाटीने उभं केलं, तरी एक पोर उरलं. ऊन चढत होतं, पोरं वळवळत होती, येसूभाऊंची परतीची गाडी चुकली तर पुढची तीन तासांनी होती. माझं डोकं तापलं. मी उजव्या टोकाला उभ्या असलेल्या भाविकाला म्हटलं, "भाविका, तू जरा बाजूला हो गो. तुझा नंतर काढू."

तिलाच का? शेजारी नीलेश होता, त्याला बाजूला काढलं असतं तर त्याने भोकाड पसरलं असतं. त्याच्या पलीकडची सरपंचांची नात. भाविका सांगितलं की ऐकायची, म्हणून तिला सांगितलं. दुसरं काही कारण नाही. ती निमूट बाजूला झाली. येसूभाऊंनी तिचं तोंड बघितलं असावं, कारण ते मोठ्याने म्हणाले, "तुझा येगळा काढतो गो बाय. येकटीचा. मोठा!"

फोटो झाला, घड्याळात बघतो तर गाडीची वेळ झालेली. येसूभाऊ पिशवी सावरत बांधावरून धावत सुटले. जाता जाता वळून तिला म्हणाले, "सोमवारी येतो!" सोमवारी त्यांच्याकडे लग्न होतं, नंतर आणखी दोन. लग्नसराई होती. ते विसरले आणि मीही आठवण केली नाही. महिन्याभराने भाविकाला ताप आला, पेणच्या दवाखान्यात आणेपर्यंत तो डोक्यात गेला होता. नऊ वर्षांची पोर चौथ्या दिवशी गेली.

पंधरा दिवसांनी तिची आई सुगंधा माझ्याकडे आली. मिठागरावर काम करून हातापायांना चिरा पडलेली, माझ्याहून कितीतरी तरुण बाई. म्हणाली, "घरात पोरीचा येक पन फोटू नाय. शालंत काडलाय ना? त्यात कडंला तरी आली असंल, तेवढी मोठी करून द्या." मी तिला येसूभाऊंकडे घेऊन गेले.

येसूभाऊंनी फोटो बाहेर काढला आणि तो हातात धरूनच त्यांना आठवलं. त्यांचा चेहरा उतरला. फोटोच्या उजव्या कडेला, कोपरापासून खाली, एक हात आला होता. मनगटात काळा दोरा, मूठ घट्ट मिटलेली. सुगंधाने त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्यो हात तिचा," ती म्हणाली. मग फोटोच्या कडेबाहेर, टेबलाच्या लाकडावर बोट फिरवत राहिली, जणू पुढची पोर तिथे सापडणार होती.

येसूभाऊ म्हणाले, "चूक माझी हाय. माझ्या लेन्समधी मावली नाय म्हणून मीच तिला बाजूला केलं."

मी शेजारी उभी होते. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मी भित्री नाही, अख्खा तालुका मला तापट म्हणून ओळखतो, पण त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि एकदा गप्प बसलं की पुढच्या वेळी बोलणं आणखी अवघड होतं. असं करत पंधरा वर्षं काढता येतात, हे मी अनुभवाने सांगते.

त्या दिवसापासून येसूभाऊंनी एकच ध्यास घेतला. त्या बाईच्या घरात तिच्या पोरीचा फोटो लागला पाहिजे. त्या गावातली जेवढी लग्नं, हळदी, बारशी त्यांनी काढली होती ती सगळी ते पुन्हा बघायला बसले. नवरा-नवरी सोडून मागची माणसं बघायची. मांडवाच्या खांबामागे, जेवणाच्या पंगतीत, कुठेतरी ती पोर उभी असेल म्हणून. दोन महिन्यांनी एका हळदीच्या फोटोत सापडली. शाळेच्या फोटोच्या दोनच दिवस आधीची हळद, नवीन कॅमेऱ्याची. खांबाला टेकलेली, मसुराच्या दाण्याएवढा चेहरा.

त्यांनी तो मोठा केला. जसजसा मोठा होत गेला तसतशी त्यातली पोर विरघळत गेली. मला बोलावून दाखवला तर नुसते चौकोन चौकोन आणि दाणे. "मांडवात उजेड कमी, आणि सेन्सर हा एवढासा," येसूभाऊ म्हणाले. "मिठागरातल्या वाफ्यासारखं हाय, बाई. वाफा मोठा तर मीठ जास्त. ह्या वाफ्यात उजेड पकडलाच नाय गेला. पोर हाय, पण डोळे नायत."

मग त्यांना जे सुचलं ते पेणच्याच माणसाला सुचावं. गल्लीतल्या कारखान्यात नाना म्हणून एक म्हातारे कारागीर होते. मूर्ती कोणीही रंगवो, डोळ्यांची आखणी नानांच्या हातची. लोक म्हणायचे, नानांनी डोळे आखले की मूर्ती आपल्याकडे बघते. येसूभाऊ तो फोटो घेऊन नानांकडे गेले. म्हणाले, "ह्या पोरीला डोळे द्या." नानांनी ब्रश हातात घेतला आणि विचारलं, "कसे होते डोळे?"

येसूभाऊंनी मला फोन केला. "बाई, तुम्ही दोन वर्षं तिला शिकवलंत. डोळे कसे होते हो तिचे?"

मी डोळे मिटून आठवायला गेले. तिचं अक्षर आठवलं. सातचा पाढा अडायचा ते आठवलं. काळा दोरा तर फोटोतच बघितला होता. डोळे काही केल्या येईनात. दोन वर्षं ती पोर माझ्यासमोर तिसऱ्या ओळीत बसली होती. मी म्हटलं, "मोठे होते. टपोरे. चांगले होते."

नानांनी तसे काढले. फ्रेम करून आम्ही दोघं ती घेऊन गेलो. सुगंधाने हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो मांडीवर घेतला. तिच्या सासूने आतून हळद-कुंकू आणलं होतं, ते घेऊन ती उभीच राहिली. सुगंधा खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, "डोळं देवाचं हायत. माझी पोर जराशी तिरळी व्हती."

येसूभाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"नवस बोलले व्हते, डोळं सरळ होतील म्हणून," ती म्हणाली. "मंग वाटलं, हाय तशी बरी हाय. तिच्या त्या डोल्यानंच ती मना गर्दीतून वळखू यायची." तिने फ्रेम हलकेच येसूभाऊंच्या हातात परत दिली. "घेऊन जा दादा. घरात कोनाची तरी परकी पोर ऱ्हायला आल्यावानी वाटंल." आम्हाला तिने चहा पाजला. परतताना बांधावर येसूभाऊ एकदाच बोलले, "नानांचा हात चुकला नाय हो. सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलं." आणि लगेच, "म्हणजे मी. मी नीट विचारलं नाय." माझा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यायची त्यांना सवयच लागली होती.

पुढच्या वर्षी त्यांनी मोटरसायकल विकली आणि मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला. नवा नव्हे, मुंबईत कोणा निवृत्त फोटोग्राफरने वापरलेला. मलाही बरोबर नेलं, कशाला ते देव जाणे. दुकानदार मेगापिक्सेल सांगायला लागला तर येसूभाऊंनी त्याला हाताने थांबवलं, टोपडं सोडलं, लेन्स लावली.

"बसते की काका," दुकानदार म्हणाला.

"बसंल रे. पण दिसंल का?" म्हणत त्यांनी डोळा लावला. दुकानाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हळूहळू फिरले, आणि तसेच थांबले. मी विचारलं, "काय झालं?" डोळ्यावरचा कॅमेरा न काढता ते म्हणाले, "कडेची माणसं आली, बाई." त्यांचे खांदे हलत होते. दुकानदार बिचारा पाणी आणायला धावला.

त्यानंतर दर वर्षी ते माझ्या शाळेत यायचे. एकेका पोराचा वेगळा फोटो. एकट्याचा, मोठा. प्रत्येकाला घरी न्यायला एक प्रत. पोरं वैतागायची, कारण "डोळे हलले, परत घेऊ" संपायचंच नाही. आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक, त्यात उजव्या कडेला एका माणसाची जागा मोकळी. लग्नातही तसंच करायचे. लोक म्हणायचे, येसूभाऊ, हा कोपरा रिकामा काय सोडलाय? ते म्हणायचे, "असू दे. कोण तरी येईल." शाळेतून निघाले की सुगंधाच्या घरी जायचे, ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे आणि तेच एक वाक्य बोलायचे, "चूक माझी हाय." ती म्हणायची, "च्या घ्या दादा." तिच्या घरात भिंतीवर तो शाळेचा फोटोच लावलेला होता. तिने तो असा टांगला होता की उजवी कड दाराच्या उजेडात येईल.

कॅमेरा घ्यायला कोणी सल्ला विचारायला आलं की येसूभाऊ आधी ही सगळी गोष्ट सांगायचे, स्वतःच्याच नावावर. पोरं कंटाळून निघून जायची. एकाने तर तोंडावर सांगितलं, "काका, मला फक्त रील बनवायच्यात." येसूभाऊ म्हणाले, "मग लहानच घे बाळा. तुला कडेची माणसं नकोच हायत." रागाने नव्हे हो, खरंच त्याच्या उपयोगाचा सल्ला म्हणून.

वहिनी गेल्या, मग येसूभाऊंची फुप्फुसं थकली. मुलगी माधवी त्यांना रोह्याला घेऊन गेली. जावई तिथल्या कंपनीत शिफ्टला. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत कुंडलिका नदीकडच्या खिडकीशी त्यांची खुर्ची लावलेली असायची. मी पेणहून गाडी पकडून महिन्यातून एकदा जायची. माझी नोकरी संपली होती, मला काय काम होतं?

त्यांच्या शेवटच्या वर्षी ते म्हणाले, "बाई, यंदा माझ्यानं जिन्यापर्यंत जाववत नाय. सुगंधाकडं तुम्ही जाऊन या. तिला सांगा, येसू आला नाय, पण इसरला नाय."

मी गेले. आणि ओट्यावर बसून पाण्याचा तांब्या हातात घेतला तेव्हा मला कळलं, की आता जर बोलले नाही तर मेल्यावरसुद्धा माझी सुटका नाही. मी म्हटलं, "सुगंधा, त्या दिवशी भाविकाला बाजूला हो म्हणून मी सांगितलं. येसूभाऊंनी नाही. मी."

ती मीठ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मना ठाव हाय."

"कसं?"

"पोर त्याच दिशी घरी येऊन बोलली. बाई म्हनल्या बाजूला हो. फोटूवालं काका म्हनलं, तुझा येकटीचा काडतो, मोठा. नाचत आली व्हती. येकटीचा फोटू कोनाचा व्हता बाई गावात!" मग तिने एक खडा बाजूला टाकला. "पांढरी रिबीन धुऊन, इस्तरी नाय म्हनून उशीखाली दाबून ठेवली. सोमवारी बांधली. मंगलवारी परत धुतली. मयनाभर. दुपारची गाडी वाजली का बांधावर जाऊन स्टेशनाकडं तोंड करून उभी ऱ्हायची. ताप चडला तवा पन इचारलंन, काका आले का?"

मी तांब्या खाली ठेवला. मेलेली बरी, असं वाटलं.

"दादांना ह्ये कदी सांगू नका," ती म्हणाली. "ते दर वरसाला येऊन चूक माझी म्हनत. त्यांना ह्ये सांगितलं असतं तर त्यांनी जीव दिला असता. तुमचं म्हनाल तर…" पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. "मी वाट बगत व्हते, बाई. कवा येऊन सांगताव ते."

एवढंच. शिवी दिली नाही, हाकलून दिलं नाही. उलट निघताना माझ्या पिशवीत खडेमीठ घातलं, पावशेर माझं आणि पावशेर दादांचं म्हणून. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत दिली असती तर मी तिचे पाय धरले असते.

दुसऱ्याच दिवशी मी रोह्याला गेले. येसूभाऊ खिडकीशी बसले होते, नदीकडे तोंड करून. मांडीवर त्या लग्नपत्रिकेच्या चौकटी होत्या. आता कॅमेरा उचलवत नव्हता, म्हणून त्या चौकटीतूनच बघत बसायचे. मी मीठ त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, की मी सगळं बोलले, आणि तिला आधीपासूनच माहीत होतं.

त्यांनी मिठाची पुडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बोललात ते बरं केलंत. तुमचं तुम्हाला हलकं वाटंल." असं म्हणाले माझा दोष पंधरा वर्षं वाहिलेले येसूभाऊ. मग मिठाची पुडी चाचपत, खाली बघत, त्यांनी तो प्रश्न विचारला. "बाई, मी सोमवारी येतो म्हणालो होतो. पोरीनं वाट बघितली का हो?"

मी म्हटलं, "छे! सुगंधा म्हणाली, दुसऱ्या दिवशी विसरलीसुद्धा. पोरंच ती, येसूभाऊ. खेळात गुंतली."

त्यांनी मोठ्या भोकाची चौकट उचलली, डोळ्यासमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. स्टुडिओत बघायचे तसंच, थांबून. मी श्वास रोखून बसले. कपाळावर आठ्या आल्या तरी येऊ दिल्या.

"डोळे हलले, बाई," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिले. त्यांनी चौकट मांडीवर पालथी ठेवली. "परत घेऊ" म्हणाले नाहीत.

माधवीने आणलेला चहा मी कसाबसा प्याले आणि निघाले. खाली रस्त्यावर येऊन सवयीने वर बघितलं. येसूभाऊंनी माधवीकडून खुर्ची फिरवून घेतली होती, दुसऱ्या खिडकीशी. तिथून नदी दिसत नाही. तिथून फक्त स्टेशनाकडचा रस्ता दिसतो. त्या रस्त्याकडे तोंड करून ते बसले होते, आणि मी वळणावरून परत एकदा बघितलं तेव्हाही तसेच बसले होते.